उन्हाळा लागला की फ्रिज करंट मारतो, पाऊस पडला की बंद: अर्थिंगची दरवर्षीची कटकट

पाडवा झाला की आमच्या घरातला फ्रिज चावायला लागायचा. म्हणजे हँडलला हात लावला की बोटांत मुंग्या, अनवाणी असलात आणि फरशी नुकतीच पुसलेली असली तर चांगलाच झटका, आणि चप्पल घातली की काहीच नाही. मग मृगाचा पाऊस पडायचा, आठ-पंधरा दिवसांत सगळं आपोआप थांबायचं आणि आम्ही विसरून जायचो ते थेट पुढच्या पाडव्यापर्यंत. असं चार वर्षं चाललं. घर अकोल्याच्या बाहेरच्या अंगाला आहे, खाली काळी माती, २०११ चं बांधकाम. मी काही वायरमन नाही, शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवतो, ओहमचा नियम फळ्यावर शंभरदा लिहिलाय आणि स्वतःच्याच घरात तो कळायला चार उन्हाळे गेले, ही माझी लायकी. पण आता नातेवाईक आणि कॉलनीतले लोक दर एप्रिलला मलाच फोन करतात आणि प्रत्येकाची कहाणी डिट्टो तीच असते, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी एक. मुंग्या येणं वेगळं आणि हात झिडकारला जाणं वेगळं. हात झिडकारला जात असेल, किंवा लोखंडी कूलरला हात लागून कुणाला झटका बसला असेल, तर पुढचं वाचत बसू नका, मेन पाडा, मग त्या वस्तूचा प्लग काढा आणि माणूस बोलवा. आणि "बघ रे अजून लागतंय का" म्हणत परत परत हात लावून बघणं बंद करा. आमच्याकडं पाहुण्यांना लावून बघायची पण प्रथा होती.

आता आम्ही काय काय केलं ते सांगतो, कारण तुमच्याकडंही बहुतेक हेच झालं असणार. पहिल्या वर्षी वायरमन आला, फ्रिजच्या बॉडीला टेस्टर लावला, दिवा पेटला, म्हणाला फ्रिजच खराब आहे. फ्रिजवाला आला, त्याने कॉम्प्रेसर तपासला, म्हणाला फ्रिज एकदम ओके, घरातली वायरिंग खराब. दोघांनीही व्हिजिटचे पैसे घेतले. बाबांनी फ्रिजसमोर लाकडी पाट ठेवला आणि त्याच्यावर जुनी रबरी पायपुसणी, आणि खरं सांगतो ते वर्ष तसंच निघालं.

दुसऱ्या वर्षी दुसरा वायरमन. त्याने फ्रिजच्या प्लगचा बोर्ड उघडला, इंचभर वायरचा तुकडा कापला, न्यूट्रलच्या (करंट परत नेणारी वायर) आणि अर्थच्या (गळका करंट जमिनीत नेणारी हिरवी वायर) स्क्रूमध्ये अडकवला, बोर्ड बंद. पाच मिनिटांचं काम. "काई नाई होत आता जी, लावा हात." लावला, खरंच काही नाही. पुढं मुंग्या बंदच झाल्या. आम्ही त्याचा नंबर चार जणांना दिला. त्या चौघांना नंतर मी स्वतः फोन करून माफी मागितलीय.

का, ते ऐका. त्याच्या पुढच्या वर्षी मे महिन्यात संध्याकाळी वावधन सुटलं, धुळीचं, पत्रे उडवणारं. ते थांबल्यावर आमची लाइट होती पण विचित्र होती. एलईडी बल्ब ठीक, पंखे मात्र दम लागल्यासारखे, कूलर तर मोजून फिरत होता, आणि फ्रिज चालू व्हायला गेला की कट्ट आवाज करून सगळंच बसायचं आणि परत यायचं. आणि मुंग्या आता फक्त फ्रिजला नव्हत्या, वॉशिंग मशीन, मिक्सरचा स्क्रू, कूलरची जाळी, जिथं लोखंड तिथं. लाइनमन आला, खांबावर चढला आणि वरूनच ओरडला, "तुमचा न्यूट्रल त जळून तुटलाय भाऊ! मंग तुमच्या घरात लाइट कशी जळू राह्यली?"

तो प्रश्न मला रात्रभर झोपू देईना. सर्व्हिस वायरचा न्यूट्रल खांबावरच तुटलाय, म्हणजे करंटला परत जायला रस्ताच नाही, घर अंधारात असायला पाहिजे. पण रस्ता होता. तो इंचभर तुकडा. सगळ्या घराचा करंट फ्रिजच्या बोर्डातून अर्थच्या वायरमध्ये, तिथून अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात, म्हणजे अर्थची वायर जोडून जमिनीत पुरलेल्या पाइपात, आणि जमिनीतून डीपीकडं (ट्रान्सफॉर्मरकडं) जात होता. आणि खड्डा खराब असल्यामुळं जाता जाता हिरव्या वायरवर व्होल्टेज चढत होतं, जी वायर घरातल्या प्रत्येक लोखंडी बॉडीला जोडलेली आहे. खड्डा अजून खराब असता, किंवा अर्थची वायर मध्ये कुठं तुटलेली असती, तर पूर्ण २३० त्या बॉड्यांवर आले असते. कूलरमध्ये पाणी भरायचं काम आई करते, पाइप हातात धरून, पाय ओल्या अंगणात.

तर न्यूट्रल आणि अर्थ घरात कुठंही जोडायचे नाहीत, कुणी कितीही अनुभवी असला तरी. डीपीपाशी न्यूट्रल जमिनीत घातलेला असतो, तो तिथंच. आपल्या घराचं अर्थिंग वेगळं, आपल्या खड्ड्याचं. त्या तुकड्याने मुंग्या जातात ते खरं, कारण गळका करंट न्यूट्रलमधून निघून जातो, पण न्यूट्रल तुटेपर्यंतच, आणि आपल्याकडं खांबावरचे न्यूट्रल किती टिकतात ते सगळ्यांना माहितीये.

आमच्या शेजारचे काका एमआयडीसीत एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते, आता रिटायर झालेत. त्यांना बोलावलं. त्यांनी पहिल्यांदा तो तुकडा उपटून काढला. दुसऱ्याच दिवशी अर्थातच फ्रिज परत चावायला लागला. काका म्हणाले, आता बरोबर झालं, आता रोग दिसतोय.

मग मल्टिमीटर. साधा, दोन-चारशे रुपयांचा चालतो, एसी व्होल्टच्या सगळ्यात वरच्या रेंजला ठेवायचा आणि प्लगच्या भोकांत तीन रीडिंग घ्यायची. सवय नसेल तर हे काम माहितगाराकडूनच करून घ्या. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ. फेज म्हणजे करंट आणणारी वायर. नीट घरात पहिली दोन जवळपास सारखी येतात, २३० च्या आसपास, आणि तिसरं दोन-चार व्होल्ट. आमचं एप्रिलमध्ये भर दुपारी आलं २२८, १८४ आणि ४४. म्हणजे हिरव्या वायरवर ४४ व्होल्ट बसलेले. एक गंमत अजून, न्यूट्रल-अर्थ एकदम चोख शून्य येत असेल, आणि तेही घरात मोठा लोड चालू असताना, तर खूश होऊ नका, कुठल्या तरी बोर्डात तोच तुकडा असायची दाट शक्यता आहे. आणि फेज-अर्थला काहीतरी अर्धवट, हलणारा आकडा येत असेल तर त्या प्लगला अर्थ पोचलेलाच नाही, हिरवी वायर मागं कापून सोडलेली असते, आमच्याकडं असे तीन बोर्ड निघाले.

टेस्टरच्या दिव्यावर मात्र काही ठरवू नका. तो अगदी थोड्या करंटवर पेटतो. डेस्कटॉप कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला तर चांगल्या सप्लायमध्येसुद्धा टेस्टर पेटतो जर अर्थ नसेल, कारण आतल्या फिल्टरचे दोन कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलच्या मधोमध बॉडीला लटकवतात, साधारण ११५ व्होल्ट दिसतात, मुंग्या येतात, पण कॉम्प्युटर खराब नसतो. अर्थ दिला की गायब.

मग चोर शोधायचा. हे सगळ्यात सोपं आणि हेच कुणी करत नाही. मीटरच्या दोन पिना न्यूट्रल-अर्थवर ठेवून एकेक वस्तूचा प्लग काढत जायचं आणि आकडा कधी पडतो ते बघायचं. आम्ही फ्रिजपासून सुरुवात केली, फ्रिज काढला, ४४ च. वॉशिंग मशीन काढलं, ४४. टीव्ही, मिक्सर, पाण्याची मोटर, ४४. कूलरचा पंखा बंद केला, ४४. कूलरच्या पंपाचं बटण बंद केलं आणि आकडा धपकन २ वर. परत चालू, ४४. बंद, २. काका म्हणाले, "फ्रिज बिचारा चुगली करू राह्यला होता, चोर त कूलर हाये."

झालं असं की कूलरच्या पाण्यात बुडालेला तो छोटासा पंप गळत होता, त्याचा करंट कूलरच्या अर्थच्या पिनेतून हिरव्या वायरमध्ये यायचा, खड्डा घेत नव्हता म्हणून तिथंच तुंबायचा आणि मग घरातल्या दुसऱ्या प्रत्येक लोखंडी वस्तूवर हजर. कूलर उंच स्टँडवर खिडकीबाहेर, त्याला दिवसातून एकदा हात लागतो. फ्रिजला चाळीसदा. म्हणून बदनाम फ्रिज. नाल्याचं तोंड बुजलं की पाणी ज्याच्या घरात शिरतं त्याची चूक नसते तसं.

आणि आता कोडं सुटलं. एप्रिलमध्ये दोन गोष्टी एकदम होतात, कूलर निघतो आणि जमीन वाळते. जूनमध्ये दोन्ही उलटतात, कूलर बंद आणि जमीन ओली. म्हणून पावसाळ्यात आजार आपोआप बरा व्हायचा आणि म्हणून तो कधीच बरा झाला नाही.

पंप बदलला की झालं का? मुंग्या थांबल्या असत्या, पण उद्या गीझरचं एलिमेंट फुटलं तर काय, म्हणून काका म्हणाले खड्डा बघू. सोपी परीक्षा म्हणजे खड्ड्यात तीन-चार बादल्या पाणी ओतायचं आणि तासाभराने परत मोजायचं. आमचं ४४ वरून १५ वर आलं. दोन दिवसांनी परत ३८. म्हणजे खड्डा वाळलाय हे पक्कं. कितीतरी लोक यालाच उपाय समजून उन्हाळाभर अर्थिंगला पाणी घालतात, तुळशीला घालतात तसं, वाईट नाही, पण ज्या दिवशी विसराल त्या दिवसाचं काय.

आता बल्बच्या टेस्टबद्दल, कारण वायरमन लोकांचा याच्यावर फार विश्वास. शंभरचा बल्ब फेज आणि अर्थमध्ये लावायचा, लख्ख पेटला म्हणजे अर्थिंग मस्त. आमच्या खड्ड्यावरही लख्ख पेटला होता. नंतर काकांनी कारखान्यातून अर्थ टेस्टर आणला तेव्हा त्याच खड्ड्याचा रेझिस्टन्स ६८ ओहम निघाला. गणित बघा. शंभरच्या बल्बचा स्वतःचा पेटलेला रेझिस्टन्स सव्वापाचशे ओहमच्या वर आहे, त्याच्यापुढं ६८ म्हणजे किस झाड की पत्ती, बल्बला दोनशेच्या वर व्होल्ट मिळतातच आणि डोळ्याला फरक कळत नाही. तेच बल्बऐवजी साडेसातशे वॉटची इस्त्री असती तर तिचा ७० ओहम आणि खड्ड्याचा ६८, म्हणजे निम्मे व्होल्ट इस्त्रीला आणि निम्मे, ११३ च्या जवळ, हिरव्या वायरवर. ही इस्त्रीवाली टेस्ट घरी करू नका हां, त्या वेळी घरातली प्रत्येक बॉडी तेवढ्या व्होल्टवर जाते. मुद्दा एवढाच की बल्ब पेटणं म्हणजे वायर कुठंतरी जमिनीला टेकलीय, बस. खड्डा फॉल्टचा करंट घेईल का ते बल्ब सांगत नाही.

अर्थ टेस्टर म्हणजे एक डबा असतो, त्याच्या तीन वायरी. आधी मेन बंद, खड्ड्याची वायर घरापासून सोडवायची, एक वायर खड्ड्याला, एक खिळा साधारण ३० मीटरवर ठोकायचा आणि दुसरा त्याच सरळ रेषेत मधे, १८-१९ मीटरवर. मधला खिळा मीटर-दोन मीटर पुढंमागं करून आकडा तोच आला तर रीडिंग खरं. आम्ही शेजारच्या रिकाम्या प्लॉटमध्ये ठोकले, प्लॉटवाल्याला वाटलं आम्ही मोजणी करून जागा दाबतोय, त्यात अर्धा तास गेला.

तर ६८ ओहम. आता ओहमचा नियम, जो मी फळ्यावर लिहितो. फेजची वायर गीझरच्या बॉडीला सरळ चिकटली तर करंट किती? २३० भागिले ६८, म्हणजे ३.४ अँपिअर. एवढ्याने कुठला एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की पडणारा स्विच, पडणार? ३.४ म्हणजे एक इस्त्री. एमसीबीला वाटतं कुणीतरी कपडे प्रेस करतंय. तो चालूच राहणार आणि बॉडीवर जवळपास पूर्ण व्होल्टेज. बरं, सगळे म्हणतात तसा ५ ओहमचा खड्डा असला तरी ४६ अँपिअर, आणि ३२ चा एमसीबी ४६ ला ताबडतोब पडत नाही, तापून पडायला तासभरसुद्धा लावू शकतो. हे मला स्वतःला लिहून काढेपर्यंत पटलं नव्हतं. म्हणजे आपल्याकडच्या सप्लायमध्ये नुसतं अर्थिंग पुरत नाही, आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच, लागतोच. त्याच्याकडं येतो.

खड्डा खोदला तेव्हाची मजा. बिलात अडीच मीटरचा जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचा) पाइप, मीठ, कोळसा, सिमेंटचा चेंबर, सगळं लिहिलेलं. निघाला तीन फुटी पाइप. मिठाचा पत्ता नाही, कोळशाच्या नावाने चार काळे खडे. पाइपाला वायर नट-बोल्टने नाही तर नुसती दोन वेढे देऊन पिळलेली आणि त्या वेढ्याखाली गंजाची पूड. आणि पाइपाच्या चारी बाजूंना भेग, माझी तीन बोटं मनगटापर्यंत आत गेली. काळी माती ओली असते तेव्हा तिच्याएवढी चांगली माती अर्थिंगला नाही, पण वाळली की आक्रसते, फाटते आणि पाइपाला सोडून मागं सरते, मग पाइप हवेत उभा. मातीतला ओलावा वीसेक टक्क्यांच्या खाली गेला की रेझिस्टन्स झपाट्याने चढतो, हे अर्थिंगच्या भारतीय मानकात, आयएस ३०४३ मध्येच दिलंय. वरची तीन फूट माती अकोल्याच्या मे महिन्यात किती ओली राहणार, ४५-४६ डिग्रीत, तुम्हीच सांगा.

म्हणून खोली महत्त्वाची, जाडी नाही. लोक दुकानात जाऊन जाड पाइप मागतात. पाइप दुप्पट जाड केला तर रेझिस्टन्स जेमतेम बारा-तेरा टक्के कमी होतो, दुप्पट लांब केला तर चाळीसच्या वर, आणि वरून खालची ओली माती मिळते ती वेगळीच. मानकात जीआय पाइप कमीत कमी ३८ मिलिमीटर आणि अडीच मीटर सांगितलाय. आम्ही ५० मिलिमीटरचे तीन-तीन मीटरचे दोन घेतले, एकमेकांपासून सहा मीटरवर, कारण जवळजवळ ठोकले तर दोघांची माती एकच होते आणि दुसऱ्याचा फायदा मिळत नाही. घराच्या भिंतीपासून दीड मीटर तरी लांब. एक जागा मुद्दाम अशी घेतली जिथं आरओचं वाया जाणारं पाणी सोडता येतं. दिवसाला दोन-तीन बादल्या फुकटचं पाणी, पाडवा ते मृग, कुणी आठवण ठेवायची गरज नाही. संपूर्ण कामात मला सगळ्यात जास्त अभिमान याचाच आहे.

मीठ-कोळसा की बेंटोनाइट, याच्यावर काकांचं आणि दुकानदाराचं भांडण झालं. मीठ काम करतं, पण दर पावसाळ्यात धुपून जातं आणि राहतं तोवर जीआयला खातं, म्हणून मीठ घातलंत तर दोन-तीन वर्षांनी उघडून भरायची तयारी ठेवा. बेंटोनाइट ही चिकणमातीच, पाणी धरून ठेवते आणि पाइपाला चिकटून राहते, काळ्या मातीच्या भेगांवर हेच औषध. पाण्यात कालवून पिठल्याएवढं घट्ट करायचं आणि पाइपाभोवती हळूहळू ओतायचं, मधे पोकळी राहू द्यायची नाही, कोरडी पावडर भसकन ओतू नका. दुकानदार मात्र "केमिकल अर्थिंग आहे साहेब, जन्मभर पाणी नको" म्हणत होता, ते काही मनावर घेऊ नका, बेंटोनाइटसुद्धा वाळलं की वाळलंच.

जोड नीट करा. आम्ही पाइपाला वरून जीआयची पट्टी वेल्ड करून घेतली, तिला दोन बोल्ट, बोल्ट आवळल्यावर वरून डांबर, आणि वर झाकणाचा चेंबर म्हणजे दरवर्षी बघता येतं. दोन्ही पाइप पट्टीने जोडून ती पट्टी डीबीपर्यंत (घरातला एमसीबींचा डबा) आणि तिथून आत तांब्याची हिरवी वायर. तांबं आणि जीआय जिथं भेटतं तिथं गंज लवकर धरतो, तो जोड जमिनीखाली ठेवू नका, टिन केलेली लग (वायरच्या टोकाला बसवायची कथिलाचा मुलामा दिलेली कडी) वापरा. मजुरीसकट आमचे साडेनऊ हजार गेले. नवीन रीडिंग ३.४ ओहम, आणि लगेचचं नाही धरत मी, पुढच्या वर्षी मेच्या शेवटी परत मोजलं तेव्हा ५.१. तो आकडा खरा. अर्थिंग पावसाळ्यात मोजून पास करायचं नसतं, मेमध्ये मोजायचं.

शॉर्टकट विचारणारे बरेच असतात म्हणून, बोअरच्या केसिंगला जोडू का? नको. केसिंग आता बहुतेक पीव्हीसीची असते, आणि लोखंडी असली तरी तिथं लोक पाणी भरतात. नळाच्या पाइपाला? तो मधे कुठंतरी प्लास्टिकचा झालेला असतो. शेजाऱ्याच्या अर्थिंगला? मग त्याचा फॉल्ट तुमच्या फ्रिजवर.

आता आरसीसीबी, ज्याला बाजारात अजून सगळे ईएलसीबीच म्हणतात. फेजने जेवढा करंट गेला तेवढा न्यूट्रलने परत आला का, एवढंच तो बघतो, ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तोडतो. खड्डा शेकडो ओहमचा असला तरी तो पडतो, म्हणून जीव वाचवायला तोच. घरासाठी ३० मिलिअँपिअरचाच घ्या, १०० आणि ३०० वाले आगीसाठी असतात, माणसासाठी नाही. आणि तो ओव्हरलोड बघत नाही, एमसीबी वेगळा लागतोच.

आम्ही बसवला आणि तो थांबायलाच तयार नाही. मिक्सर लावला, टप. लाइट जाऊन आली, टप. बाबा म्हणाले, "यापेक्षा पाट बरा होता." इथंच बहुतेक घरांत आरसीसीबी बायपास होतो, किंवा कुणीतरी येऊन गीझरची अर्थची वायर कापून देतो आणि "आता नाही पडणार" म्हणतो. नाही पडणार, तुम्ही हात लावेपर्यंत. आमच्याकडं दोन कारणं निघाली. स्वयंपाकघरातल्या बोर्डात (हिरवी वायर कापलेल्या तिघांपैकी एक, ती आता जोडल्यावर कळलं) त्याच भल्या माणसाचा अजून एक तुकडा बसलेला होता, न्यूट्रल-अर्थवाला, तो काढला, मिक्सर सुटला. दुसरं कारण इन्व्हर्टर. इन्व्हर्टरवाला लाइन टाकताना फेज वेगळा ओढतो आणि न्यूट्रल जवळच्या कुठल्याही बोर्डातून घेतो, मग करंट एका वाटेने जातो आणि दुसऱ्या वाटेने येतो, आरसीसीबीचा हिशोब जुळत नाही. इन्व्हर्टरच्या सर्किटचा न्यूट्रल वेगळा करायला एक अख्खा रविवार गेला. आता पडत नाही. त्याच्यावर टी लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबायचं, पडला पाहिजे. आम्ही लाइट बिल आलं की दाबतो.

सगळ्यांची जमीन आमच्यासारखी नाही. माझ्या ताईचं सासर दर्यापूरकडं, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. तिथली माती मुळातच खारी, टेस्टरवर एक-दीड ओहम सहज येतो, बघून जीव गार होतो, पण तीच माती जीआय पाइप खाऊन टाकते. भाऊजींचा पाइप हाताने ओढला तर वरचा हातभर तुकडा हातातच आला. तिथं मीठ घालायचं तर नावच नको, तांब्याचा थर दिलेला रॉड घ्या आणि जोड दर दिवाळीला उघडून बघा. कोकणात जांभा, आमच्याच जिल्ह्यात टेकाडावर मुरूम, तिथं एका पाइपात पाच ओहम विसराच, दोन-तीन रॉड, बेंटोनाइट आणि मुख्य भिस्त आरसीसीबीवर. फ्लॅटवाल्यांनी खड्डा खोदायचा प्रश्न नाही, पण आपल्या प्लगला अर्थ पोचतोय का ते तीन रीडिंगमध्ये कळतं, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये जास्त आलं तर शेजारचा फ्लॅटही मोजा, दोघांकडं तेच असेल तर सोसायटीचा खड्डा बघायला लावा.

विचारायचं असेल तर तीन रीडिंग, माती कुठली, आणि कोणत्या महिन्यात सुरू होतं एवढं सांगा. "फ्रिजला करंट येतोय काय करू" एवढ्यावर मी पण काही सांगू शकत नाही.

कूलरचा पंप नवा आणला, अडीचशे रुपयांचा. जुना आईने टाकू दिला नाही, चालू आहे ना अजून, बागेला पाणी द्यायला होईल म्हणते. माळ्यावर ठेवलाय. रात्री मी त्याचा प्लग कापून टाकला, तिला अजून सांगितलेलं नाही.